गोळी घेतली, पण जेवलात का?



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या बोलण्यात दोनच विषय असतात. तोड कधी येणार आणि उतारा किती पडतो. गेल्या काही वर्षांत त्यात तिसऱ्या विषयाची भर पडली आहे. गट ऑफिसच्या कट्ट्यावर, वजनकाट्याच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत माणसे एकमेकांना विचारतात, "तुमची साखर किती?" ही साखर पोत्यातली नव्हे, अंगातली!

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, म्हणजे शंभर मोठ्या माणसांत अकराजणांना. तेव्हा आपल्या सभासदांच्या घरोघरी एखादी तरी गोळीची पट्टी फळीवर असणारच. मी त्या रोगाविषयी लिहिणार नाही. भात कमी खा, चाला, गोड टाळा, हे आपण सर्वांनी शंभरदा ऐकले आहे. मला लिहायचे आहे ते त्या गोळीविषयी. कारण साखर वाढल्याने काय होते ते सगळे सांगतात. गोळीने साखर एकदम खाली गेली तर काय होते ते फारसे कोणी सांगत नाही. मला ते कोणी सांगितले नव्हते. ते मी उसाच्या बांधावर पडून शिकलो.

एकादशीची रात्र

गोष्ट २०१८ सालच्या कार्तिकातली. दिवाळी नुकतीच झाली होती. फराळाचे चार दिवस कोणाच्या तोंडाला कुलूप नसते, माझ्याही नव्हते. त्याच आठवड्यात तपासणी केली, साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली. सकाळी एक होती, ती आता सकाळ-संध्याकाळ झाली. गोळीचे नाव ग्लिमेपिराइड. चिठ्ठीवर स्पष्ट लिहिले होते, 'जेवणाआधी'.

पुढे कार्तिकी एकादशी आली. मी माळकरी माणूस, एकादशी मोडत नाही. सकाळी गोळी घेतली, वर बिनसाखरेचा चहा आणि मूठभर शेंगदाणे. साबुदाण्याने साखर वाढते असे ऐकले होते म्हणून खिचडीला हातसुद्धा लावला नाही. संध्याकाळी पुन्हा गोळी घेतली. 'जेवणाआधी' असे लिहिले होते, म्हणून जेवणाच्या वेळेच्या आधी घेतली. फक्त त्या दिवशी जेवणच नव्हते! हे माझ्या ध्यानात आले नाही आणि घरात कोणाच्याही आले नाही.

त्या आठवड्यात लाईट रात्रीची होती. बारा वाजता मोटार चालू करून खोडव्याला पाणी लावले. दीड-दोनच्या सुमारास अंगाला दरदरून घाम सुटला. कार्तिकातल्या थंडीत बंडी भिजून गेली. हात थरथरू लागले, छाती धडधडू लागली. वाटले, जागरणाने होत असेल. बारे मोडायला खोरे उचलले तर कुठले बारे मोडायचे तेच कळेना. जी पट्टी तीस वर्षे हाताखालून गेली, तिथे मी वाट चुकल्यासारखा उभा. त्यापुढचे मला आठवत नाही.

विहिरीतले आमचे वाटेकरी पाळी घ्यायला आले तेव्हा पाणी बांध फोडून वगळीला चालले होते आणि मी सरीत आडवा. त्यांनी हलवले तर मी काहीतरी बरळलो, हात झिडकारला. त्यांना पहिला संशय काय आला असेल ते सांगायला नको.

"माळ घालतोय आणि घेतोय बी?" असे ते पुतण्याला म्हणाले. हे त्यांनीच मला नंतर सांगितले आणि आम्ही दोघेही हसलो. त्या वेळी मात्र हसण्यासारखे काही नव्हते.

घरी आणले तेव्हा मी अर्धवट शुद्धीत होतो. अजून गिळता येत होते. शेजारच्या एका पोराने सांगितले, "काकू, साखरपाणी पाजा." तर आमच्या मंडळींनी त्यालाच झापले, "आरं, साखरेच्या पेशंटला साखर पाजून मारतोस काय?"

त्यांचाही दोष नाही. दहा वर्षे त्यांनी माझ्या चहातली साखर काढून घेतली होती. साखर म्हणजे विष, हेच घरात ठसलेले. ज्या घरात कारखान्याच्या सभासद-साखरेचे पोते कोपऱ्यात उभे होते, त्याच घरात चार चमचे साखरेअभावी माणूस जात होता. तालुक्याच्या गावी नेईपर्यंत मी पुरता बेशुद्ध झालो होतो. तिथे बोटाला सुई टोचली, आकडा आला ३४. शिरेतून ग्लुकोज दिले. काही मिनिटांत मी डोळे उघडून विचारले म्हणे, "मोटार बंद केली का?"

याच्या पुढचा मूर्खपणा सर्वस्वी माझा. डॉक्टर म्हणाले, चोवीस तास थांबा. माझी तोड आली होती, गाड्या लागायच्या होत्या. मी हट्टाने घरी आलो. सकाळी दहाला फडात उभा असताना पुन्हा तोच घाम, तीच थरथर. या वेळी ओळखले. मुकादमाच्या कोपीत चार चमचे साखर घातलेला चहा प्यालो आणि मुकाट्याने दवाखान्यात जाऊन पडलो. अंगात मुरलेली गोळी एका बाटलीने उतरत नाही, हे तेव्हा कळले.

ही गोळी करते तरी काय?

बरे झाल्यावर मी डॉक्टरांना बरेच प्रश्न विचारले, पुढे जमेल तसे वाचलेही. त्यातले आपल्या कामाचे तेवढे सांगतो.

एक टन उसातून शंभर किलोच्या वर साखर काढणारी आपण माणसे. पण निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते किती? साधारण पाच ग्रॅम. म्हणजे चहाचा एक चमचा! त्या एका चमच्यावर मेंदूचे काम चालते. तो दोन-तीन चमचे होऊन वर्षानुवर्षे राहिला तर डोळे, किडनी, पाय यांची नासाडी हळूहळू होते. पण तो अर्ध्या चमच्याच्या खाली गेला तर नासाडी घटका-दोन घटकांत होते. वाढलेली साखर दहा वर्षांत माणूस खाते, उतरलेली साखर एका रात्रीत.

ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड ही सगळी एका कुळातली औषधे. जुन्या मंडळींना 'डाओनिल' हे नाव आठवत असेल, ते ग्लिबेनक्लामाइडच. या कुळाचा शोध कसा लागला ते ऐकण्यासारखे आहे. १९४२ साली फ्रान्समध्ये माँपेलिए या गावी मार्सेल जानबों नावाचे डॉक्टर विषमज्वराच्या रोग्यांना एक नवे सल्फाचे औषध देत होते. काही रोग्यांना झटके आले, काही दगावले. तपासले तर त्यांच्या रक्तातली साखर खाली गेलेली. ऑगस्त लुबातिएर या त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवून दिले की हे औषध स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. त्यातून पुढे मधुमेहाच्या गोळ्या निघाल्या.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरणे हा या गोळीचा कुठला तरी लांबचा दुष्परिणाम नव्हे. ज्या गुणामुळे ती औषध ठरली, त्याच गुणाचे हे दुसरे टोक आहे.

आपल्या भाषेत सांगायचे तर ही गोळी म्हणजे ऑटोवर टाकलेली मोटार. लाईट आली की मोटार सुरू. विहिरीत पाणी आहे की तळ लागला आहे, हे ऑटो बघत नाही. तशी ही गोळी पोटात गेली की इन्सुलिन सुटते. तुम्ही जेवलात की नाही, रात्रभर खोरे मारले की खाटेवर झोपलात, याची ती चौकशी करत नाही. विहिरीत पाणी असेल तर हीच मोटार रान भिजवते. नसेल तर मोटार जळते.

आपल्यालाच धोका जास्त का?

शहरातला नोकरदार माणूस ठरल्या वेळी जेवतो, ठरल्या वेळी झोपतो. आपले तसे नाही. पाण्याची पाळी रात्री, तोड पहाटे, काट्यावर ट्रॅक्टरची रांग लागली तर दुपारचे जेवण संध्याकाळी. लागणीच्या दिवसात अंगमेहनत दुप्पट आणि मेहनतीने साखर आणखी उतरते. त्यात एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र. आमच्या मुसलमान सभासद बंधूंचे रोजे. दिवसाकाठी गोळी मात्र तीच आणि तितकीच.

वय वाढले, किडनी मंदावली की हे औषध अंगातून लवकर बाहेर पडत नाही, साठत जाते. माझ्या थोरल्या बहिणीचे असेच झाले. पहाटे उठली की ती बडबडायची, नातवांची नावे विसरायची. सगळे म्हणायचे, म्हातारपण आले. एका पहाटे माझ्याकडचे यंत्र नेऊन तिची साखर तपासली तर ५२. तिला जुनी ग्लिबेनक्लामाइडची गोळी चालू होती आणि किडनीही अशक्त झाली होती. डॉक्टरांनी औषध बदलले आणि म्हातारपण महिनाभरात मागे हटले! जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ सालच्या आपल्या आवश्यक औषधांच्या यादीत साठीपुढच्या माणसांना ग्लिबेनक्लामाइड योग्य नाही असे नमूद केले आहे. ज्या घरात साठीपुढचे माणूस ही गोळी घेते, त्या घराने पुढच्या खेपेला डॉक्टरांना हा प्रश्न अवश्य विचारावा.

दारूने हा धोका फार वाढतो. उपाशीपोटी दारू आणि ही गोळी एकत्र आली तर माणूस शुद्ध हरपून पडतो आणि लोक म्हणतात, प्यालाय, झोपू द्या. तो झोपतो तो कधी उठतच नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी छातीची धडधड आणि हाताची थरथर दबून जाते, म्हणजे धोक्याचा भोंगाच बंद पडतो. घाम मात्र येतो, तेव्हा विनाकारण घाम आला तर तो हलक्यावर घेऊ नये. काही जंतुनाशक गोळ्यांनीही या औषधाचा जोर वाढतो. सबब, कोणत्याही दवाखान्यात गेलात तरी आधी सांगावे की मी साखरेची अमुक गोळी घेतो.

आणखी एक. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडून जाणारा आपला ड्रायव्हर जर ही गोळी घेत असेल आणि सकाळपासून जेवला नसेल, तर धोका त्याच्या एकट्याला नाही, रस्त्यावरच्या सगळ्यांना आहे.

ओळखावे कसे, करावे काय?

घाम, थरथर, धडधड, एकाएकी कडाडून भूक, डोके दुखणे, डोळ्यांपुढे धूसर, विनाकारण चिडचिड, असंबद्ध बोलणे. यांतले काहीही झाले तर हातातले काम तिथेच टाकून बसावे. यंत्र जवळ असेल तर तपासावे. आकडा ७०च्या खाली असेल तर साखर उतरली असे समजावे. यंत्र नसेल तर शंका हेच कारण पुरे. तीन-चार चमचे साखर पाण्यात कालवून प्यावी. पंधरा मिनिटांनी बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच घ्यावी. बरे वाटले की भाकरी, पोळी, भात, जे असेल ते पोटभर खावे. नुसत्या साखरेवर थांबू नये, कारण गोळीचा जोर तासन् तास टिकतो.

माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळू शकत नसेल, तर तोंडात काहीही घालू नये. पाणी नको, साखर नको. ते श्वासनळीत जाते. कुशीवर वळवावे, १०८ला फोन करावा आणि साखर उतरली असावी हे पहिल्याच वाक्यात सांगावे. कांदा हुंगवणे, अंगारा लावणे यात वेळ घालवू नये. अंगारा नंतरही लावता येतो.

कोणी म्हणेल, साखर उतरली आहे की वाढली आहे ते कळले नाही तर? माणूस शुद्धीवर असेल तर साखर द्यावी. वाढलेल्या साखरेत चार चमच्यांची भर पडून तेवढ्यात माणूस जात नाही. उतरलेल्या साखरेत ते चार चमचे दिले नाहीत तर जातो. एवढा एक हिशोब घरातल्या बायकापोरांना आजच समजावून सांगावा.

आपली साखर जिथे चालत नाही

आता एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे, कारण साखर कारखान्याच्या सभासदाला ती चटकन पटणार नाही. बाजारात एकाच गोळीत तीन औषधे घातलेली मिळतात. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज. पुष्कळांच्या पट्टीवर ही तीन नावे सापडतील.

आपण उसापासून काढतो ती साखर म्हणजे दोन साखरांची जोडी आहे, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. आतड्यात ही जोडी तुटली तरच ती रक्तात जाते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हे औषध नेमके तेच तोडण्याचे काम अडवून धरते. तोडच बंद पडली तर गाडी गव्हाणीत येणार कशी? त्यामुळे ही गोळी घेणाऱ्याची साखर उतरली असता आपली साखर, गूळ, पेढा यांचा उपयोग वेळेवर होत नाही. तिथे ग्लुकोजची पावडरच लागते. औषधाच्या दुकानात ती सहज मिळते. ज्यांच्या पट्टीवर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असे नाव आहे त्यांनी खिशात साखरेची नव्हे, ग्लुकोजची पुडी ठेवावी.

बाकी गोळ्यांविषयी थोडक्यात. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर सहसा अशी कोसळत नाही. तिने सुरुवातीला पोट बिघडते, आणि बरीच वर्षे घेतली तर अंगातले बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते. मग पायाला मुंग्या येतात आणि आपण म्हणतो, साखरेनेच आल्या. शाकाहारी सभासदांनी हे तपासून घ्यावे. लघवीवाटे साखर काढून टाकणाऱ्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या नव्या गोळ्या हृदयाला आणि किडनीला उपकारक ठरल्या आहेत; पण त्या घेताना जननेंद्रियाची खाज आणि बुरशी होते, उन्हाच्या कामात अंगातले पाणी कमी पडते. उपासमारीत किंवा उलट्या-जुलाबात आकडा फार वाढलेला नसतानाही रक्तात आम्ल साठून माणूस अत्यवस्थ होऊ शकतो. अशा दिवशी या गोळ्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या हे डॉक्टरांना लगेच विचारावे.

म्हणून गोळी सोडायची का?

मुळीच नाही! हा लेख वाचून कोणी पट्टी उकिरड्यावर टाकली तर माझ्या लिहिण्याचा उलटा परिणाम झाला असे मी समजेन.

ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या आणि १९९८ साली निष्कर्ष जाहीर झालेल्या एका दीर्घ अभ्यासात याच कुळातल्या गोळ्या किंवा इन्सुलिन देऊन साखर आटोक्यात ठेवलेल्या लोकांत डोळे आणि किडनी यांचे नुकसान स्पष्टपणे कमी आढळले. गोळी काम करते यात शंका नाही. शिवाय ती स्वस्त आहे आणि गरिबाला परवडते, ही काही लहान गोष्ट नव्हे.

आमच्याच भावकीतल्या एकाने माझी हकिकत ऐकून घाबरून सगळी औषधे बंद केली. जांभळाच्या बियांच्या पुडीवर राहिला. दीड वर्षात पायाच्या अंगठ्याची जखम चिघळली आणि दोन बोटे काढावी लागली. मी गोळी खाऊन पडलो, तो गोळी सोडून पडला. दोघांचीही चूक एकच, डॉक्टरांना विचारले नाही.

बिननावाच्या पुड्यांविषयीही सावध करतो. 'झाडपाल्याचे आहे, दुष्परिणाम नाही' असे सांगून विकल्या जाणाऱ्या मालात कधी कधी हेच इंग्रजी औषध मिसळलेले असते. २००८ साली सिंगापुरात ताकदीच्या म्हणून विकल्या गेलेल्या गोळ्यांत ग्लिबेनक्लामाइड सापडले. ज्यांना मधुमेह नव्हता अशी माणसे बेशुद्ध झाली, काही दगावली. पुडीत काय आहे ते लिहिलेले नसेल, तर ती कितीही गुणकारी सांगितली तरी घेऊ नये. शेजाऱ्याची गोळी 'मला बी लागू पडंल' म्हणून घेणे हा त्यातलाच प्रकार. माझी मोटार पाचची, तुमची तीनची; माझा स्टार्टर तुमच्या मोटारीला लावाल काय?

कारखान्याने काय करावे?

आता माझे खरे मागणे. आपला कारखाना सभासदांसाठी तपासणी शिबिरे घेतो, त्याबद्दल संचालक मंडळाला धन्यवाद दिलेच पाहिजेत. परंतु शिबिरात बोटाला सुई टोचतात, चिठ्ठीवर आकडा लिहितात, 'वाढलेली आहे, डॉक्टरांना दाखवा' म्हणतात आणि पुढचा माणूस बोलावतात. मग गावोगावी गोळ्या वाढतात. उतरलेल्या साखरेविषयी मात्र एक अवाक्षर नाही. हे काम अर्धे आहे. उसाचे बेणे देऊन लागणीची माहिती न देण्यासारखे आहे.

माझ्या सूचना तीन आहेत. पहिली, शिबिरात प्रत्येक सभासदाला कोणती गोळी चालू आहे ते विचारावे आणि मराठीत छापलेले एक कार्ड द्यावे. त्यावर गोळीचे नाव, ती साखर कोसळवणारी आहे की नाही आणि तशी वेळ आल्यास काय करावे, एवढे ठळक असावे. दुसरी, वजनकाटा, केन यार्ड, प्रत्येक गट ऑफिस आणि तोडणी मुकादम यांच्याकडे ग्लुकोजची पुडी ठेवावी आणि शेतकी मदतनीस, वॉचमन, ड्रायव्हर यांना तासभराची माहिती द्यावी. तिसरी, तोडणी मजुरांना यातून वगळू नये. पहाटेच्या अंधारात अर्धपोटी कोयता धरणाऱ्या, गाव सोडून आलेल्या त्या माणसाला गोळी कोणी दिली, कधी दिली, याचा पत्ता इथे कोणालाच नसतो. आपला ऊस त्याच्याच हाताने कारखान्यात जातो.

यावर काही मंडळी म्हणतील, कारखान्याचे काम गाळप करण्याचे, गोळ्या-औषधे डॉक्टरांनी पाहावीत. मला हे मान्य नाही. प्रवरेच्या काठी १९५०च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी शेतकऱ्यांचा पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढे त्याच परिसरात शाळा, कॉलेजे आणि रुग्णालयही आले. सहकार म्हणजे केवळ उसाचे बिल नव्हे, हे आपल्या वडीलधाऱ्यांना तेव्हाच कळले होते. आणि खर्च तरी किती येणार? एका ट्रॉलीच्या उसाच्या बिलात वर्षाची ग्लुकोजची पावडर आणि कार्डाची छपाई भागेल असा माझा अंदाज आहे. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आयत्या वेळच्या विषयात मी हा ठराव मांडणार आहे. सभासदांनी हात वर करून पाठिंबा द्यावा अशी विनंती आहे.

तोपर्यंत मात्र सभेची वाट न बघता प्रत्येकाने आपापल्या घरी चार गोष्टी कराव्यात. आज रात्री गोळीची पट्टी घेऊन शिकत्या मुलाकडून तिच्यावरचे नाव वाचून घ्यावे. उपवास, रोजा किंवा जागरणाच्या दिवशी गोळी किती घ्यायची की घ्यायचीच नाही, हे डॉक्टरांना तो दिवस येण्यापूर्वी विचारावे. रात्रीच्या पाण्याला एकट्याने जाऊ नये, गेल्यास घरात सांगून जावे. आणि खिशात पुडी ठेवावी.

मी अजून तीच गोळी घेतो, कमी मापाने घेतो. एकादशीही करतो, आदल्या दिवशी डॉक्टरांना फोन करून करतो. बंडीच्या एका खिशात तंबाखूची चंची असायची, ती सुटली. त्या जागी आता साखरेची पुडी असते. रात्री पाण्याला निघालो की आमच्या मंडळी दारातून विचारतात, "बॅटरी घेतली का?" आणि लगेच, "पुडी घेतली का?"

दहा वर्षे ज्या बाईने माझ्या चहात साखर पडू दिली नाही, तिनेच ती पुडी बांधलेली असते.

जय सहकार!

– एक ऊस उत्पादक सभासद